डेलियाचे कंद: पावसाआधी काढणी, पावसाळाभर साठवण (कोकणातल्या नवख्यांसाठी)

डेलियाबद्दलची बहुतेक माहिती थंड देशांतून आलेली असते आणि तिथली पहिली सूचना ठरलेली असते: हिम पडायला लागलं की कंद काढा आणि हिवाळाभर घरात सांभाळा. कोकणात ही सूचना पाळायला गेलात तर ऐन फुलांच्या दिवसांत झाड उपटावं लागेल. आपल्याकडे डेलिया डिसेंबर ते फेब्रुवारीत फुलतो, शिमग्यापर्यंत थकतो आणि एप्रिलच्या उन्हात वाळायला लागतो. कंद सांभाळायचे ते जून ते सप्टेंबर, भर पावसात. म्हणून तिकडच्या पद्धती घ्यायच्या, पण वेळापत्रक आपलं ठेवायचं.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. मेक्सिको सिटी आणि मुंबई दोन्ही साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. फरक उंचीचा: ते शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे, म्हणून तिथला उन्हाळाही सौम्य असतो. तिथे पावसाळ्यात डेलिया वाढतो, फुलतो, आणि पुढचा थंड, कोरडा हंगाम त्याचा कंद जमिनीत विसावा घेत काढतो. म्हणजे कंदाला विसाव्याच्या काळात कोरडेपणाची सवय आहे. आपण मात्र त्याला नेमक्या उलट्या ऋतूत विसावा देतो, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या चार महिन्यांत. जमिनीत तसाच राहिला तर जुलै उजाडेपर्यंत तो सडतो. हळद, आलं, सुरण पावसाच्या तोंडावर लावायची आपल्या हाताला सवय असते. डेलियाच्या बाबतीत ती सवय बाजूला ठेवावी लागते.

कंद ओळखून घ्या

काढणीच्या आधी हे समजलं पाहिजे, कारण निम्मं नुकसान इथेच होतं. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कुठलाही तुकडा लावला तरी चालतो. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ आहे. त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे कंदाची मान खोडाला चिकटते तिथे. त्या भागाला आपण माथा म्हणू. माथ्याचा तुकडा आणि त्यावर निदान एक डोळा असेल तरच कंदातून नवं झाड येतं. मान मोडलेला, माथ्यापासून सुटलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्यातून अंकुर येणार नाही. फार तर चार मुळं फुटतील.

ही मान नाजूक असते. काही जातींत ती पेन्सिलीएवढी बारीक असते आणि तिला कंदाचा सगळा भार पेलावा लागतो. पुढच्या सगळ्या सूचना एका अर्थाने मान जपण्याच्याच आहेत.

दिवस लहान झाले की डेलिया कंद भरायला लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे कंद भरायला कोकणातला हिवाळा चांगला साथ देतो. फुलं संपल्यावरही पानं हिरवी आहेत तोवर झाड कापू नका. अन्न अजून खाली उतरत असतं.

जानेवारीत करायचं एक काम

झाडं फुलावर असतानाच कुठली ठेवायची ते ठरवा. कंद काढल्यावर सगळे सारखेच दिसतात, तेव्हा लाल कुठला आणि पांढरा कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. खोडाला ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची पट्टी बांधा आणि तिच्यावर पेन्सिलीने रंग, आकार लिहा. शाई उन्हाने उडते, पेन्सिल टिकते.

त्याच वेळी रोगट झाडं बाजूला काढा. पानांच्या शिरांलगत पिवळे पट्टे, पानं वेडीवाकडी, झाड खुरटलेलं असेल तर तो विषाणूजन्य रोग असू शकतो, आणि तो कंदातून पुढच्या वर्षी तसाच येतो. अशा झाडाचा कंद फुलाच्या मोहाने ठेवू नका. काढणीच्या वेळी माथ्यावर फुलकोबीसारख्या खडबडीत गाठी दिसल्या तर तोही कंद जाळून टाका. खताच्या खड्ड्यात टाकू नका.

कधी काढायचे

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. दक्षिण कोकणात तो त्याच्याही आधी येतो. पण मृगाची वाट बघू नका. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टी भिजवून काढली. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. शिवाय वळवाच्या सरी असतातच. माझ्या मते अक्षय्य तृतीयेच्या सुमारास काढणी सुरू करावी आणि १५ मेच्या आत कंद घरात असावेत. मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांनाही हा मुहूर्त सोयीचा आहे. कोकमं सुकताहेत, आंब्याची साठं वाळताहेत, सुकी मासळी डब्यात जाते आहे, त्याच बेगमीत कंदही बसवायचे. त्या दिवसांतल्या कडक उन्हाचा उपयोग कंदापेक्षा त्याच्याभोवतीच्या भरावाला जास्त होतो, ते पुढे येईलच.

काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी कमी करत न्या आणि मग बंद करा. खत तर त्याच्याही आधी थांबवा. पानं पिवळी पडून माना टाकतात. तसं झालं की खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. लगेच खणू नका, आठवडाभर थांबा. वरचं खोड गेल्यावर माथ्यावरचे डोळे थोडे फुगतात आणि ओळखता येतात. मधल्या दिवसांत वळवाची चिन्हं दिसली तर कापलेल्या खोडावर करवंटी उपडी घाला. डेलियाचं खोड आतून पोकळ असतं. त्यात साचलेलं पाणी सरळ माथ्यात उतरतं आणि सड तिथूनच सुरू होते.

खणताना

आदल्या संध्याकाळी बुडाशी थोडं पाणी द्या. मे महिन्यात जांभ्याची माती घट्ट बसलेली असते आणि कोरड्या मातीत जोर लावला की माना मोडतात. किनाऱ्यालगतच्या रेताड भाटात याची गरज नाही.

खोडापासून फूटभर अंतरावर गोल आखा आणि त्या रेषेवर चारी बाजूंनी कुदळ किंवा फावडं उभं घाला. मग खालून उचलून गड्डा, म्हणजे खोडाला लागलेला कंदांचा अख्खा घोस, सैल करा आणि दोन्ही हात मातीखाली घालून मातीसकट वर घ्या. खोड धरून ओढायचं नाही. हाताशी माणूस असेल तर एकाने फावडं तोलावं, दुसऱ्याने गड्डा उचलावा. घमेल्यात ठेवतानाही आपटू नका.

आता गड्डा उलटा धरा, म्हणजे पोकळ खोडातलं पाणी निघून जाईल. सैल माती बोटांनी झाडा. धुवायचं की नाही यावर दोन मतं आहेत. माझं मत असं: रेताड माती सहज झडते, तिथे धुवू नका. जांभ्याची चिकट माती कंदांच्या फटीत बसून ओल धरून ठेवते आणि तिच्याबरोबर हुमणीच्या अळ्या, वाळवी असं काहीही घरात येऊ शकतं, तिथे हलक्या धारेने धुवा. धुतल्यावर वाळवणीला जास्त दिवस द्यावे लागतील, एवढं लक्षात ठेवा.

तुटलेले, कुदळ लागलेले, मान लोंबणारे कंद कापून टाका. केसासारखी बारीक मुळं छाटा. चाकू दर गड्ड्यानंतर स्पिरिटने पुसा किंवा ज्योतीवर धरा. विषाणू चाकूवरूनही एका कंदातून दुसऱ्यात जाऊ शकतो. कापलेल्या जागी गंधकाची भुकटी चोळा. ती नसेल तर चुलीतली चाळलेली, पूर्ण कोरडी राख चालते. गड्डे बरेच असतील तर मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घेता येतात. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं तेच घ्या, हातमोजे घाला आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

गड्डा आताच फोडून वेगळा करावा का? नवख्यांनी करू नये. या वेळी डोळे नीट दिसत नाहीत, आणि जितके काप तितक्या बुरशीला वाटा. अख्खा गड्डा पावसाळा जास्त चांगला काढतो. फोडणी सप्टेंबरअखेर, डोळे फुटल्यावर.

वाळवण

इथे घाई करणारे दोन प्रकारचे असतात: एक कंद उन्हात टाकतात, दुसरे ओलेच पेटीत भरतात. मे महिन्याच्या उन्हात अर्धा दिवस ठेवलेला कंद सुरकुततो, त्याची साल भाजते आणि मग त्याच जागी तो सडतो. कंद पडवीत, सावलीत, हवा खेळती असेल तिथे सुपात किंवा टोपलीत खोड खाली करून ठेवा. न धुतलेले दोन दिवस, धुतलेले तीन-चार दिवस. साल हाताला कोरडी लागली, कापलेली जागा कडक झाली, तरी कंद अंगठ्याने दाबल्यावर टणक आहे, एवढंच हवं. सुकेळी वाळवतात तशी वाळवण इथे करायची नाही. आतलं पाणी आतच राहिलं पाहिजे. कंदात साठलेलं अन्न म्हणजे इन्युलिन नावाची शर्करा-साखळी, तीही आतल्या पाण्यातच विरघळलेली असते.

कंद वाळत असताना उन्हात ठेवायचा तो भराव.

भराव कशाचा

चार महिने कंद ज्यात पुरून ठेवायचे तो भराव हा या सगळ्या कामाचा कणा आहे. त्याने दोन उलट कामं करायची असतात. मे महिन्यात गरम वाऱ्याने कंदातलं पाणी उडू द्यायचं नाही आणि जुलैत, हवा ओलीचिंब असताना, कंदाच्या सालीवर ओल बसू द्यायची नाही.

भाताचं तूस मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. गिरणीवर मिळतं, हलकं असतं, दाण्यादाण्यांत हवा राहते. दोन कडक उन्हं दाखवून चाळून घ्या, कोंडा राहिला तर त्याला बुरशी येते आणि उंदीरही.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चांगलं, पण त्याची वीट पाण्यात फुलवावी लागते. फुलवून, एकदा धुऊन, पिळून, उन्हात पातळ पसरा आणि मुठीत दाबल्यावर अजिबात गोळा होणार नाही इतपत कोरडं करा. याला वेळ लागतो, म्हणून एप्रिलमध्येच हाती घ्या.

वाळू वापरायची तर नदीची, धुतलेली, उन्हात तापवून थंड केलेली. पुळणीवरची वाळू अजिबात घेऊ नका. समुद्राच्या वाळूत मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच पेटीत होईल आणि कंद त्या खारट ओलीत बसतील.

आंब्याच्या अढीतला पेंढा हाताशी असतो, पण तोही नको. त्यात रसाचे डाग, बुरशी, चिलटं असतात. पेंढाच हवा तर नवा, झोडून, वाळवून घ्या. भराव उन्हातून काढला की लगेच कंदावर घालू नका. सावलीत थंड होऊ द्या, नाहीतर पेटीच्या आत घाम धरतो.

पेटी आणि जागा

आंब्याची लाकडी पेटी यासाठी उत्तम. फटी असतात, हवा लागते, वर चढवायला सोपी. बांबूची टोपलीही चालेल. बंद प्लास्टिकची पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा नको. कंद जिवंत असतो, श्वास घेतो, आणि त्याचंच पाणी डब्यात साचून तो सडतो.

पेटीच्या तळाला वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, त्यावर चार बोटं तूस, त्यावर गड्डे खोड खाली करून, एकमेकांना न लागता. एक सडला तर शेजाऱ्याला लागू नये, म्हणून मध्ये तूस भरा. एका पेटीत कंदांचा एकच थर ठेवा. पट्टी गड्ड्याला बांधलेली आहे ना ते बघा. शिवाय मोठ्या कंदाच्या सालीवर मार्करने नाव लिहिलंत तर पट्टी गळली तरी अडत नाही. वरून पुन्हा चार बोटं तूस.

थंड देशांत कंद ४ ते १० अंश सेल्सिअसला ठेवतात. आपल्या घरात पावसाळ्यात पारा पंचविशीच्या खाली क्वचितच जातो, म्हणून आपले कंद थोडे सुरकुततात आणि लवकर जागे होतात. ते गृहीत धरा. आपल्या हातात आहे ते कोरडेपण आणि खेळती हवा. माजघरातला माळा, पोटमाळा, कौलारू घरात गळत नाही अशी आतली जागा, यांपैकी काहीही चालेल. चूल पेटत असेल तर त्या खोलीची कोरडी हवा फार उपयोगी पडते, पण पेटी चुलीच्या थेट वर ठेवू नका, कंद चिपाड होतील. पत्र्याखाली नको, मे अखेरपर्यंत तिथे भट्टी असते. न्हाणीघराच्या भिंतीला लागून तर नकोच.

पेटी जमिनीवर ठेवायची तर चार विटांवर, भिंतीपासून हातभर दूर. वाळवी भिंतीतून चढते. उंदीर आणि घुशींना हे कंद गोड लागतात, म्हणून वरून बारीक जाळी खिळ्यांनी ठोका. जाळी सोडून दुसऱ्या कुठल्याच उपायावर माझा भरवसा नाही.

दोन-चारच कंद असतील तर फ्रिजचा भाजीचा कप्पा चालतो. भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवा, फळांपासून लांब. पावसात वीज दिवसदिवस जाते तेव्हा आत पाणी सुटतं. वीज आली की पिशवी बाहेर काढून कोरडी करायची आठवण ठेवा.

कुंडीतला डेलिया

कुंडीत लावला असेल तर काम बरंच सोपं. पाणी बंद करा, वाळल्यावर खोड कापा, आणि माती पूर्ण कोरडी झाली की कुंडीसकट पडवीत आडवी ठेवा, पागोळ्यांचं पाणी आणि वाऱ्याची झड पोहोचणार नाही अशी. कुंडीतल्या कंदाच्या माना मोडत नाहीत. नवख्याने पहिल्या वर्षी कुंडीतच लावावा असं मी आवर्जून सांगेन.

पावसाळ्यातली देखरेख

दर पंधरा दिवसांनी पेटी उघडा. उघडीप मिळेल त्या दिवशी, दुपारी. प्रत्येक गड्डा बाहेर काढायची गरज नाही. हात घालून चाचपा, वास घ्या. आंबूस वास आला तर शोधल्याशिवाय झाकण लावू नका.

टणक कंद ठीक. सुरकुतलेला पण लवचीक कंद जिवंत आहे, त्याला जुलैत पाणी शिंपडू नका. सप्टेंबरात ओल मिळाली की तो भरतो. मऊ, पाणी सुटलेला भाग लगेच कापा, आत पांढरं निरोगी मांस दिसेपर्यंत, मग गंधक लावा, एक दिवस उघडा ठेवा आणि वेगळ्या टोपलीत भरा. भोवतीचं तूस फेकून द्या. सालीवर नुसती पांढरी बुरशी असेल आणि आत टणक असेल तर कोरड्या कापडाने पुसून वाऱ्यावर ठेवलं तरी भागतं. कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपून काढा.

ऑगस्टमध्ये फिकट अंकुर दिसायला लागतील. उबेमुळे ते होतंच. बोटभर असतील तर तसेच राहू द्या. लांबलेच तर तो गड्डा कुंडीत लावून पागोळीच्या आत, उजेडात ठेवा. त्याच्या फुटव्यांपासून पुढे छाट कलमंही करता येतात.

घर पावसाळ्यात बंद राहणार असेल तर कंद तिथे ठेवू नका. बंद घरातली कोंदट हवा भरावही ओला करते. शेजारी देता आले तर द्या, नाहीतर मुंबईला बरोबर न्या. आंब्याच्या पेट्यांबरोबर आणखी एक पेटी.

पुन्हा लावताना

अनंत चतुर्दशी झाली की पेट्या खाली काढा. उथळ ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट घालून गड्डे त्यावर बसवा, माथा उघडा ठेवा, पडवीतल्या उजेडात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत डोळे लाल-हिरवे टपोरे दिसतात. आता फोडणी करा: प्रत्येक तुकड्याला एक निरोगी कंद, माथ्याचा भाग आणि एक डोळा. काप एक दिवस वाळू द्या.

जमिनीत लावणी दसऱ्यानंतर, परतीचा पाऊस ओसरल्यावर, उंच गादीवाफ्यावर. कुंडी असेल तर बारा इंची, तळाला खापऱ्यांचा थर. खड्ड्यात आधी आधाराची काठी ठोका आणि मग तिच्या बाजूला कंद आडवा ठेवा, डोळा काठीकडे आणि वर. झाड वाढल्यावर काठी ठोकली तर ती नेमकी कंदातून जाते. वर चार बोटं माती. अंकुर मातीबाहेर येईपर्यंत पाणी अगदी बेताने, कारण मुळं नसलेला कंद जास्तीचं पाणी घेऊ शकत नाही. ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हापासून पहिले काही आठवडे झावळीची सावली करा, आणि जुनी पट्टी त्याच काठीला बांधून टाका.